कर्जापुरती भागीदार

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून त्यांनी एकोणीस वर्षं काचा घासल्या. पुढे काउंटरवर नवरा. गोड बोलणं हे त्याचं खातं. काच फ्रेममध्ये नेमकी बसवणं, डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला जाऊ न देणं, हे यांचं. गिऱ्हाइकं त्यांना नंबरताईच म्हणत. पगार त्यांनी कधी घेतला नाही. घरच्या दुकानात पगार कोण मागतं?

एका रविवारी जेवता जेवता नवऱ्यानं सांगितलं, त्याला वेगळं व्हायचंय. कारण त्यांनी विचारलं नाही. ताटं उचलली, ओटा पुसला आणि सोमवारी दुकानात गेल्या. तीन चष्मे द्यायचे होते.

वकीलबाईंनी कोरा कागद पुढ्यात ओढला. "तुमच्या नावावर काय काय आहे?"

"काही नाही."

"घर?"

"सासूबाईंच्या नावावर."

"दुकान?"

"यांच्या."

"मग आजवर सही कशावर केलीत?"

नंबरताईंनी जरा आठवून पाहिलं. "काचा कापायचं मशीन घेतलं ना, त्याच्या कर्जावर."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कमाईत नाव नाही, कर्जात मात्र आहे."

वाईट वाटायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण त्यांचं लक्ष गेलं ते वकीलबाईंच्या चष्म्याच्या सैल दांडीकडे.

दुकान दोघांच्या कष्टावर चाललं, याचा पुरावा हवा होता. प्रत्येक चष्म्यामागे एक कार्ड असायचं, गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, तारीख, सगळं नंबरताईंच्या अक्षरात. अशी खोकीच्या खोकी माळ्यावर पडून होती. "ने, नाहीतरी रद्दीच आहे," नवरा म्हणाला. कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं ती खाली उतरवली.

"आई, तू रडत का नाहीस गं?"

"आधी ही वर्षवार लावू," त्या म्हणाल्या.

कार्डं पाहिल्यावर समोरच्या वकिलाचा सूर उतरला. एकरकमी पैसे द्यायची तयारी झाली. वकीलबाईंनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं. एकरकमी घेतलं की पुढचा हक्क सोडल्याचं लिहून घेतात, म्हणून मुलीच्या शिक्षणाचा खर्च त्यातच वेगळा लिहून घ्यायचा. दुसरी गोष्ट कर्जाची. "हप्ते ते फेडतील, असं तुम्ही आपसात कितीही ठरवा. बँक ते मानायला बांधील नाही. त्यांनी हप्ता थकवला तर बँक तुमच्या दारात उभी राहील. तुमचं नाव काढल्याचं बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय सही करायची नाही."

नवऱ्याला ते लागलं. "एवढाही विश्वास नाही माझ्यावर?"

"विश्वासाचं काही नाही," नंबरताई म्हणाल्या. "पत्राचं आहे."

पत्र यायला सात आठवडे लागले. मधे एकदा त्याचा फोन आला. तिरप्या नंबरची काच मशीनवर कशी लावायची, ते त्याला जमत नव्हतं. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं आणि फोन ठेवून कपडे वाळत घातले.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "कुणाचा दबाव नाही ना? स्वखुशीनं करताय?"

"हो," त्या म्हणाल्या. स्वखुशी या शब्दावर क्षणभर अडखळल्या खऱ्या, पण पुढचं जोडपं दाराशी येऊन उभं होतं.

पैसे त्यांनी मुदत ठेवीत टाकले, वारस म्हणून मुलीचं नाव दिलं. मग डोळ्यांच्या एका दवाखान्यात काचा बसवायचं काम धरलं. महिनाअखेरीला पगार झाला. आयुष्यातला पहिला. मुलीनं मुद्दाम फोन करून विचारलं, "कसं वाटतंय आई?"

"पाय दुखतात," त्या म्हणाल्या. "इथं उभ्यानं काम असतं."