पांगाऱ्याच्या सात ओळी

माझा चुलता भागोजी सूड उगवायलाच जन्माला आला होता, असं गावात म्हणतात. साफ खोटं. तो जन्माला आला होता पाव विकायला आणि चार घास सुखाचे खायला. सूड त्याच्या डोक्यावर दुसऱ्यानं ठेवला, तोही सायकलीसकट.

१९२६ साली मुंबईच्या गोदीतलं काम सोडून तो घरी आला, तो एक जुनी सायकल घेऊन. सकाळी अलिबागच्या भट्टीतून पाव उचलायचे आणि आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्यापर्यंत विकायचे. वाटेत भाऊपंतांची सुपारीची वाडी लागायची. त्यांच्या दारावरून आमच्या लोकांनी पायातलं काढून चालायचं, ही जुनी चाल. सायकलीचं काय करायचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. ते पंतांनी ठरवलं.

"पायात वहाण चालत नाही, तर बुडाखाली चाक कसं चालेल? घे डोक्यावर!"

भागोजी नाही म्हणाला. पंतांच्या गड्यांनी टोपली चिखलात उपडी केली आणि पाव तुडवले. दुसरी वाट खाजणातून जायची, तिथं भरतीला गुडघाभर पाणी. दुसऱ्या दिवसापासून भागोजीनं सायकल डोक्यावर घेतली. वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाताना एकदा, येताना एकदा. पंत ओटीवर सुपारी कातरत बघत बसायचे. हे सांगताना मला आजही संताप येतो, आणि मी तर ती सायकल कधी उचलली नाही.

पण डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला वाट अंगानं कळते. दिवाळीनंतर वाडीची वई, म्हणजे काटेरी कुंपण, नव्यानं घालतात. पहिल्या वर्षी वईला न लागता सायकल निघायची. पुढच्या वर्षी चाक काट्यांना घासलं. त्याच्या पुढच्या वर्षी भागोजीला तिरकं चालावं लागलं. "पंतांची वई दर साली बाहेर सरकते," तो सांगायचा. लोक हसायचे. म्हणायचे, "भागोजी, वई न्हाय सरकत, तुझी मान वाकडी झाली!"

१९३३ च्या फाल्गुनात पंत चार दिवस नाशिकला गेले आणि त्यांचे गडीही पांगले. सात वर्षांत प्रथमच भागोजी त्या वाटेवरून सायकलीवर बसून गेला. चालणाऱ्याला वईपलीकडचं दिसत नाही, बसलेल्याला दिसलं. आत पांगारे फुलले होते. एकही पान नाही, नुसती लाल फुलं, आणि तीही वाटेच्या कडेकडेनं सरळ ओळींत. हात-हातभर अंतरानं सहा ओळी. सगळ्यात आतली झाडं घागरीएवढ्या बुंध्याची, बाहेरची मनगटाएवढी.

वईला पांगाऱ्याचे मेढे, म्हणजे ओले खुंट, ठोकले की ते मूळ धरतात, हे इकडे पोरासोरांनाही ठाऊक. वई सरकवताना पंतांनी काटे हलवले, पण जगलेले मेढे उपटले नाहीत. त्यांच्यावर मिरीचे वेल चढवता येतील, हा लोभ. चोरी केली आणि चोरीची झाडं लावून ठेवली!

भागोजीनं लगेच अर्ज केला असता तर तो भागोजी कसला. फुलं गळून पालवी आली की ओळी झाकल्या जातात, हे एक. दुसरं म्हणजे दिवाळीला पंत सातवी ओळ घालणार, तीही घालू दे. वर्षभर त्यानं तोंड मिटून सायकल वाहिली. ठमाबाई, माझी चुलती, सांगायची की त्या वर्षी तो झोपेतही हसायचा. मग माझ्या बापानं अर्ज लिहिला आणि पुढच्या फाल्गुनात मोजणीदार आला.

"वई आमच्या आजोबांनी घातली तिथंच आहे," पंत म्हणाले.

भागोजीनं सायकल घट्ट धरली. "सायेब, हिच्यावर बसून बगा."

मोजणीदार बसला, आत बघितलं, आणि बराच वेळ उतरलाच नाही.

"ते मिरीसाठी लावलेत," पंत घाईनं म्हणाले.

"सात सालांत सात ओळी? आणि पहिल्या तीन सोडल्या तर मिरी कुठं आहे?"

पावसाआधी वई सात हात मागे गेली, आणि वाट सरकारी असल्याचं कागदावर आल्यानं गड्यांनाही कुणाला अडवता येईना. त्या दिवशी भागोजी पंतांच्या ओटीसमोरून रिकामी टोपली घेऊन सायकलीवर बसून अकरा वेळा गेला, घंटी वाजवत. पंत शेवटी ओरडले, "झालं ना समाधान?"

"न्हाय झाला. सात वरसां हायत माजी."

तो रोज जाऊ लागला. पाव नसले तरी, ताप असला तरी. पंत आधी ओटीवरून माजघरात गेले, मग मागच्या पडवीत. भागोजीनं घंटी बदलून मोठी घेतली. पंतांची सून एकदा वाटेत आडवी आली. "पुरे करा हो, ते जेवत नाहीत," म्हणाली. "जेवा म्हनावं," भागोजी म्हणाला, "मला अजून लई दिवस यायचाय."

मार्गशीर्षात एका सकाळी तो नेहमीसारखा सायकलीवर येत होता. समोरून पंतांची तिरडी आली. रुंद झालेल्या वाटेवरून चारी खांदेकरी ऐसपैस चालत होते. मयत समोरून आली की माणसानं थांबायचं, टोपी काढायची, हात जोडायचे. शत्रूची असली तरी. भागोजी क्षणभर पायंडलवर पाय रोवून राहिला. मग उतरला.

घरी येऊन त्यानं ताट सरकवलं. ठमाबाईनं विचारलं, काय झालं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, डोळे लाल.

"मेल्यानं मरून पन मला खाली उतरवला," तो म्हणाला.