पंखांची शिलाई

"समुद्र काय तुमच्या मामाचा आहे, हवा तेव्हा ओलांडायला?" धाकटी जाऊ ओरडत होती, आणि मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मोटारी दुरुस्त करता करता दिरांनी पत्र्याच्या शेडमध्ये एकट्यापुरतं, कापडी पंखांचं विमान बांधलं होतं.

"पंख मी शिवणार नाही, सांगून ठेवते."

"नको शिवूस. मी शिवतो."

तिथेच ती हरली. दिरांनी एकदा उशी शिवली होती, तर घरभर कापूस उडत होता. न शिवावं तर ते स्वतःच्या शिवणीवर समुद्र ओलांडायला निघणार. शिवावं तर आपणच धाडल्यासारखं. रडत रडत तिने प्रत्येक शिवण दुहेरी घातली. मी कापड ताणून धरलं. दुसरं काय करणार?

ते गेले, ते परत आलेच नाहीत. शिवण उसवली की इंजिन बंद पडलं, कोणालाच कळलं नाही. जाऊ अजून मला तेवढंच विचारते.

त्या सकाळीही ते नेहमीसारखं दूध घेऊन आले. पातेलं शेगडीवर ठेवलं, "लक्ष ठेव गं, उतू जाईल," जावेला म्हणाले आणि निघाले.