एकटीचा गट

शर्यतीत पहिलं यायला काय लागतं, असं दातवालीला कुणी विचारलं असतं तर तिने खरं ते सांगून टाकलं असतं: दुसरं कुणी नसावं लागतं. डोंगरातल्या सायकल शर्यतींत तरुणांचा गट भरगच्च असायचा, मुलींचा बऱ्यापैकी, आणि चाळिशीतल्या पुरुषांचं तर विचारूच नका, पोट सुटायला लागलं की या मंडळींना डोंगर आठवतो. पण पन्नाशीच्या पुढच्या बायका म्हटलं की एकटी दातवाली. त्यामुळे आपल्या गटात ती दर वेळी पहिली यायची आणि दर वेळी शेवटचीही. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणावं, तर इथे वासरंसुद्धा नव्हती.

दातवाली हे नाव तिला सायकलवाल्यांनीच दिलं होतं. ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे, त्यावरून ती प्लास्टरचा साचा ओतायची, गुलाबी मेणात एकेक दात बसवायची, मग घासून, चकाकी आणून डबीत घालून परत पाठवायची. तळघरातल्या त्या खोलीत खिडकी छताला लागून होती आणि तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. शेजारच्या टेबलांवरचे दोघे कारागीर स्वभावाने चांगले होते, पण घासायच्या मशीनचा आवाज नको म्हणून दिवसभर कानात इअरफोन घालून बसायचे. सकाळी मान हलवायची, संध्याकाळी मान हलवायची, झालं संभाषण. गावातल्या कितीतरी तोंडांत तिचं काम होतं आणि तिच्याशी बोलायला त्यातलं एकही तोंड नव्हतं.

घरीही तीच तऱ्हा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न करून लांब गेली, ती जाताना पॅसेजमध्ये आपली सायकल ठेवून गेली. येता-जाता हँडल कमरेला लागायचं. शेवटी कंटाळून दातवालीने ती विकायला काढली, गिऱ्हाईकही मिळालं. सायकल पोचवायला ती स्वतःच निघाली, जंगलाच्या बाजूचा रस्ता जवळचा म्हणून तिकडून गेली, वाट चुकली, एक मोठा उतार डोळे अर्धे मिटून उतरली आणि खाली पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मोठमोठ्याने हसतोय. गिऱ्हाइकाला तिने फोन करून सांगितलं की सायकल विकायची नाही. त्या बिचाऱ्याने कारण विचारलं. हँडल बसत नाही म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून थंडी सरली की तिचा सीझन सुरू व्हायचा. शनिवारी दुपारी जुन्या गाडीची मागची सीट पाडायची, सायकलचं पुढचं चाक काढायचं, सगळं कोंबायचं आणि निघायचं. कधी धरणाच्या मागचं जंगल, कधी बंद पडलेली दगडाची खाण, कधी गाडीलाही चढ लागेल असा डोंगर. बाकीचे जथ्याने यायचे, एका गाडीवर चार-चार सायकली, एकमेकांची टिंगल, एकमेकांचे पंप. दातवाली रस्त्याकडेच्या लॉजमध्ये उतरायची. एकटीसाठी वेगळी खोली कुठे नसतेच, सगळ्या खोल्यांत दोन पलंग. एकावर ती झोपायची, दुसऱ्यावर हेल्मेट. सकाळी उकडलेली अंडी आणि केळी खाऊन ती सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर असायची. नवशिक्याला उत्साह फार, असं कुणी म्हणण्याचं तिचं वय राहिलं नव्हतं.

शर्यतीची रीत अशी की एकेक गट दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतो. सगळे गट गेले, पाहणारे पांगले, की शेवटी रेषेवर दातवाली उभी. झेंडेवाला तिच्या एकटीसाठी दहापासून उलटे आकडे मोजायचा. तो कधी हसला नाही, म्हणून तिला जास्तच ओशाळल्यासारखं व्हायचं. एकदा तिने त्याला विनवून पाहिलं, मला पोरींबरोबर सोडा ना. तो म्हणाला, ताई, नियम आहे.

आणि तिच्या मागे निघायचा झाडू. झाडू म्हणजे सगळ्यात शेवटी सायकलवरून येणारा माणूस. झाडांना बांधलेल्या वाटेच्या फिती सोडवायच्या, कुणी पडलं-झडलं असेल तर बघायचं आणि शेवटच्या स्पर्धकाला कधीही ओलांडायचं नाही, हे त्याचं काम. झाडू पोस्टातून निवृत्त झालेला गृहस्थ होता, अबोल. फिती सोडवायला तो थांबायचा की मागे पडायचा, मग पुन्हा जवळ यायचा. पानांवर त्याच्या टायरचा आवाज आला की दातवालीला बरं वाटायचं. मागे वळून बघायची सोय नाही, जंगलात मान वळवली की पुढचं मूळ चाकाखाली आलंच म्हणून समजा. म्हणून ती समोर बघत मागच्या माणसाशी बोलायची. आज गुडघा कुरकुरतोय इथपासून, काल एका कवळीचा पुढचा दात तिरपा बसला इथपर्यंत. झाडू उत्तर देत नसे. त्याला ऐकू जात होतं की नाही, हेही तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो नाही म्हणाला असता तर मग काय करायचं होतं?

बक्षीस समारंभात तीन पायऱ्यांच्या लाकडी खोक्यावर ती मधल्या, उंच पायरीवर एकटी उभी राहायची. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या रिकाम्या. टाळ्या व्हायच्या, त्यात कौतुक किती आणि आटपा एकदाचं किती, हे तिला बरोबर कळायचं. रविवारी मुलीचा फोन यायचा. कितवी आलीस? पहिली. किती जणी होत्या? एकटीच. दोघी हसायच्या. मुलगी मनापासून हसायची आणि दातवाली तिला सोबत म्हणून.

तिला पदकं नको होती. तिला आयुष्यात एकदा कुणाला तरी हरवायचं होतं, ते जमत नसेल तर कुणाकडून तरी हरायचं होतं. ती शर्यतीत आहे, हे समजायला दुसरं एक माणूस लागत होतं. या सीझनला तसं घडलं नाही तर पुढच्या वर्षी सायकल पुन्हा पॅसेजमध्ये, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. भावाला आणि वहिनीला फोनवर तसं सांगूनही टाकलं. वहिनी म्हणाली, बरंच होईल, या वयात हाडं जुळत नाहीत. भाऊ बहुतेक दुसरं काहीतरी बघत होता.

शेवटून दुसऱ्या शर्यतीत पाण्याच्या टेबलापाशी एक उंच बाई पेले भरत होती. मनगटाला पट्टा. दातवाली थांबून पाणी प्यायली तेव्हा त्या बाईने विचारलं, तुमच्या गटातल्या बाकीच्या पुढे गेल्या का? दातवाली म्हणाली, बाकीच्या जन्मालाच आल्या नाहीत. उंच बाई खो-खो हसली. ती बस चालवायची, सायकलही बरीच वर्षं चालवत होती; यंदाच पन्नाशी ओलांडली होती, पण मनगट मोडलं म्हणून नुसती पाणी देत होती. पुढच्या शर्यतीपर्यंत पट्टा निघेल, म्हणाली, मग येते मी तुमच्या गटात.

लोक बोलायला काय, बोलतात. पण दातवालीने ते वाक्य घरी नेलं. रोज कामावरून सुटल्यावर ती टेकडी चढू लागली. मेणात दात बसवताना मध्येच हात थांबायचे आणि त्या बाईच्या लांब पायांचा हिशेब चालायचा. मुलीला तिने सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, अगं आई, बस चालवणारी बाई, हरशील तू. दातवाली म्हणाली, हरू दे की. असं उत्साहाने हरायला निघालेलं माणूस मुलीने कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या शर्यतीला उंच बाई खरंच आली. रेषेवर दातवालीच्या शेजारी चाक लावून उभी राहिली. झेंडेवाल्याने आकडे मोजले, ते पहिल्यांदाच दोघींसाठी. झेंडा पडला. दातवाली जीव खाऊन निघाली आणि मागे खडखड ऐकू आली. वळणावर तिने पाहिलं, तर उंच बाईची चेन पडली होती. बाई खाली उतरली, तिने सायकल उलटी केली आणि हातानेच काहीतरी खटपट सुरू केली.

थांबावं की जावं? शर्यतीत थांबत नाहीत, एवढं तिला माहीत होतं. ती गेली. पहिल्या चढावर कान मागे, दुसऱ्या चढावर कान मागे. पाण्याच्या टेबलापाशी विचारलं, तर तिथला माणूस पार खालपर्यंत बघून म्हणाला, तुमच्यामागे कुणी दिसत नाही हो. म्हणजे चेन तुटली असणार. बाई परत गेली असणार. दातवाली तशीच पुढे निघाली आणि तिच्या पायांतला जोर गेला. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात तसं तिला झालं, आणि एकटीच होती म्हणून ती थोडी रडलीही.

ओढा ओलांडून ती अरुंद वाटेला लागली तेव्हा मागे पानांवर टायर वाजले. आला झाडू. तिला हायसं वाटलं आणि तिने नेहमीसारखं समोर बघत बोलायला सुरुवात केली.

"ती गेली बघा," ती म्हणाली. "चेन तुटली वाटतं. रोज टेकडी चढले मी तिच्यासाठी. आता ही माझी शेवटची, पुढच्या वर्षी नाही येणार. घरात बोलायला कुणी नाही म्हणून इथे यायचं, तर इथे तुम्ही. आणि तुम्ही तरी काय, नेमलंय म्हणून मागे येता."

मागे टायर वाजत राहिले. मग तिने काहीच राखून ठेवलं नाही. हेल्मेटसाठीचा पलंग, मुलीचा फोन आणि त्यातलं हसू, तळघराच्या खिडकीतून दिसणारे पाय आणि त्यांतले कुठले पाय रोज ठरलेल्या वेळी जातात ते. एकदा तसे ओळखीचे बूट दिसले नाहीत म्हणून दिवसभर घास गोड लागला नव्हता, हेही सांगितलं. इतकं ती कुणाशी बोलली नव्हती. बोलता बोलता जंगल संपलं, वाट रुंद झाली, पुढे खाणीचा सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला शेवटची रेषा.

"मी डावीकडून येतेय हं," मागून आवाज आला.

आवाज बाईचा होता. उंच बाई तिच्या अंगावरून सरकून पुढे गेली, हात कोपरापर्यंत चेनच्या तेलाने काळे. दातवालीला आधी काही कळेना आणि मग सगळं एकदम कळलं. लाजेने तिचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटण्याचा तो क्षण, पण धरणी कधी घेत नाही आणि समोर तर ती बाई निघून चालली होती. दातवालीने गिअर बदलला. लाज, राग, रोजच्या टेकड्या, सगळं पायांत उतरलं. अर्ध्या रस्त्यात ती त्या बाईच्या मागच्या चाकाला भिडली. बाजूने निघाली. दोघींचे श्वास एकमेकींना ऐकू येत होते. ती घसा फुटेस्तोवर ओरडली, काय ओरडली ते तिलाही ठाऊक नाही. रेषेवर उंच बाईचं चाक पुढे होतं. फार नाही, हातभर.

दातवाली गवतात आडवी पडली. तोंडाला लोखंडाची चव आली होती. पांगलेले लोक रेषेपाशी परत जमले होते, या गटासाठी पहिल्यांदाच. बऱ्याच वेळाने हातात फितींचा गुंडाळा घेऊन झाडू आला, दोघींना बघून त्याने मान हलवली आणि निघून गेला.

उंच बाई शेजारी येऊन बसली. थोडा वेळ ती आपले काळे हात गवताला पुसत राहिली.

"ओढ्यापाशीच गाठलं होतं मी तुम्हाला," ती म्हणाली. "तिथेच पुढे जाता आलं असतं. पण तुम्ही बोलत होतात. मध्येच तोडून कसं जायचं?"

हे ऐकून दातवालीचं डोकं फिरलं. आपण ज्या वाटेवर पुढे होतो, तिथेही पुढे नव्हतोच तर. या बाईने आपल्याला दयेपोटी पुढे राहू दिलं, वर सगळं ऐकून घेतलं. ती उठून बसली.

"पुढच्या खेपेला मी बोलत असले, रडत असले, काहीही करत असले तरी पुढे निघून जायचं," ती म्हणाली. "थांबायचं नाही."

"पुढच्या खेपेला?" उंच बाई म्हणाली. "मघाशी तर येणार नाही म्हणालात."

लाकडी खोक्याकडून दोघींना हाका येत होत्या. दातवालीने हेल्मेट काढलं, कपाळाला चिकटलेले केस मागे सारले.

"मी नाही आले तर तुम्ही एकट्याच पहिल्या याल," ती म्हणाली. "ते काय असतं, ते तुम्हाला ठाऊक नाही."