काकूची विहीर आणि लोखंडाचा कीस

काकूच्या घरामागची विहीर पाच वर्षं बंद होती. तोंडावर जाळी बसवलेली, जाळीला तारेने बांधलेली पाटी: पिण्यास अयोग्य. पाणी मात्र आटलं नव्हतं. वाकून पाहिलं की पायऱ्यांच्या खाली ते दिसायचं, आणि बादलीत काढलं तर त्याला लिंबाच्या सालीसारखी फिकट पिवळी झाक यायची. तपासणीत क्रोमियम निघालं होतं. गावाच्या वरच्या अंगाला एक कारखाना होता, तो कधीच बंद पडला. त्याच्या आवारात पुरलेल्या गाळातून ते जमिनीखालून झिरपत येतं, असं तपासणाऱ्यांचं म्हणणं पडलं.

गाव पनवेलपासून रिक्षाने अर्ध्या तासावर, खाडीच्या अंगाला. माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. विहीर काका-काकूंनी लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात खणली. काका खाली उतरून खणायचे, काकू वरून मातीची टोपली ओढायची. चिरनेरहून तिच्या माहेरची माणसं आली की ती आधी तांब्याभर पाणी पुढे करी आणि पिऊन होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राही. चहाला कोणी चांगलं म्हटलं नाही तरी तिला चालत असे. पाण्याला म्हणावं लागे.

काका गेले. नळ आला, पाठोपाठ वीस लिटरचे जार आले. काकू नळाचं पाणी पीत असे, पण घोट घेऊन पेला खाली ठेवायची तिची पद्धत बदलली होती. पूर्वी ती पेला रिकामा करूनच ठेवी.

काकूच्या मुलाचे दोन टेम्पो आहेत. ते उभे करायला मागची जागा हवी, म्हणून त्याला विहीर बुजवायची होती. त्याची बाजू चुकीची नव्हती. जे पाणी पिता येत नाही, भाजीलाही घालता येत नाही, ते कशासाठी सांभाळायचं? पनवेलच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना मी बातमीच्या निमित्ताने ओळखत होते. पाण्यातलं क्रोमियम लोखंडाने धरता येतं, असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. त्यांना मी गावी नेलं. त्यांनी विहीर पाहिली, त्या मुलाशी बोलल्या, आणि त्याने दसऱ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. अट त्याने आईलाच घातली.

"प्रयोगशाळेचे दोन कागद लागोपाठ चांगले आले आणि तू पिणार असशील, तर ठेवतो. नुसती बघायला विहीर नको."

होळीनंतर बाईंनी दोन निळे ड्रम बसवले. पहिल्यात छिद्रं पाडलेली मोठी बादली, तिच्यात लेथ मशीनवरून निघालेला लोखंडाचा कीस. कीस आणला तेव्हा त्याला मशीनचं तेल होतं. बाईंनी तो सोडा घालून तीनदा धुवायला लावला. दुसऱ्या ड्रममध्ये वाळू. विहिरीचं पाणी किसातून सावकाश उतरायचं, मग वाळूतून. बाई नमुन्यात एक पूड टाकून बघत. क्रोमियम असलं की पाणी जांभळं होई. एप्रिलमध्ये ते जांभळं झालं नाही. प्रयोगशाळेचा पहिला कागदही चांगला आला. काकूने तो देवाच्या फळीवर ठेवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरा नमुना घ्यायला आम्ही गेलो. पूड पडताच पाणी जांभळं झालं. बाईंनी दुसरी बाटली भरली, तीही जांभळी. काकू पदराखाली हात धरून उभी होती. हात पुढे कर, असं मी म्हटल्यावर कळलं, तिच्या चार बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

आमच्याकडे पावसाच्या तोंडावर घरातलं लोखंड बाहेर काढतात. कोयता, विळी, पहार, कुदळ, सगळं पुसून, उन्हात तापवून, खोबरेल लावून ठेवतात. काकूने त्या वर्षीही ते केलं होतं. ते झाल्यावर तिने ड्रमचं झाकण उघडून पाहिलं. कीस तांबडा पडला होता. तिने बादली उपसली, कीस गोणपाटावर पसरला, चोळून चोळून गंज काढला आणि मूठ मूठ घेऊन त्याला तेल लावलं. अख्खी दुपार लागली. किसाच्या कडांनी बोटं कापली.

"गंज चरला व्हता त्याला," ती बाईंना म्हणाली. "पावसाच्या तोंडावर लोखंड असा ठेवतान का कोन?"

मुलगा आधी हसला. आता कोयत्यातूनच पाणी गाळा म्हणाला. मग आईच्या बोटांकडे बघून हळद आणायला आत गेला.

बाई खाली बसल्या. "काकू, त्याला गंजूच द्यायचं होतं. तो गंजतो तेव्हाच पाण्यातलं विष धरतो. तेल लागलं की पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही."

काकूने हे दोनदा सांगायला लावलं. घरातली एक वस्तू राखण्यासाठी दुसरीला गंजू द्यायचं, हे काकूला पटायला वेळ लागला. नंतर तिने विचारलं, दसऱ्याला किती दिवस राहिले.

नवा कीस आला. या खेपेला तो धुवायला काकूने कोणाला हात लावू दिला नाही. ऑगस्टमध्ये एक कागद आला, सप्टेंबरमध्ये दुसरा. दोन्ही चांगले. कीस दर चार महिन्यांनी बदलायचा आणि तपासणी चुकवायची नाही, एवढं बजावून बाईंनी प्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं.

काकूने पितळी पेला घासून आणला. पाणी स्वच्छ होतं, झाक नव्हती. ती अर्धा पेला प्यायली आणि थांबली. मुलगा दारात टेम्पोची किल्ली घेऊन उभा होता.

"काय? तोच हाय?"

"तोच पानी हाय," काकू म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोही हेच पाणी पिऊन वाढला होता, पण पेल्याला त्याने हात लावला नाही. काकूने पेला माझ्या हातात दिला. पाणी गार होतं. घोट गिळल्यावर जिभेच्या कडेला खिळा तोंडात धरल्यासारखं काहीतरी राहत होतं. जुन्या पाण्याला असं मागे काही राहत नसे.

मी म्हटलं, तेच आहे.

मुलाने मान हलवली. टेम्पो पुढच्या अंगणात लावतो म्हणाला आणि निघून गेला. काकू पायरीवर बसली. बसल्या बसल्या तिने विचारलं, तुला खरंच पहिल्यासारखा लागला का. मी पुन्हा हो म्हटलं.

"मंग माझीच जीभ म्हातारी झाली असंल, बाय," ती म्हणाली आणि पेला परत भरायला उठली.