मशीनला कोणी सांगितलं?

"आधी हात धुऊन ये."

मी लॅपटॉपकडे हात नेला होता. अजून लावलाही नव्हता. पॅकहाऊसच्या वरच्या मजल्यावर काचेची केबिन आहे. तिथं द्राक्षं घेणाऱ्या कंपनीचे तीन पाहुणे बसलेले, पुण्याहून आलेला इंजिनिअर बसलेला, आणि मालकाचा धाकटा मुलगा. त्याला सगळे छोटेभाऊ म्हणतात. तो मला हे म्हणाला. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचे, इथं करणार नाही. ओरडला वगैरे नाही. ताटं उचल म्हणून सांगावं, इतक्या साध्या आवाजात बोलला.

माझे हात स्वच्छ होते. त्या दिवशी मी बागेत गेलेच नव्हते. पाहुणे येणार म्हणून इस्त्रीचा ड्रेस घालून खोलीवरून थेट ऑफिसात आले होते. इंजिनिअरनं पाच मिनिटांपूर्वी वडापाव खाल्ला होता आणि त्याच बोटांनी तो बटणं दाबत होता. त्याला कोणी काही म्हटलं नाही.

आणि मी गेले. हे सांगताना आजही अंगाची आग होते. मी खाली गेले, पॅकिंगच्या बायकांच्या नळावर साबण लावून हात धुतले, ओढणीला पुसले आणि परत वर आले. खुर्ची नव्हतीच. उभ्या उभ्या टाईप केलं.

त्या लॅपटॉपवर जे चालत होतं, ते मी बांधलं होतं.

नीट सांगते. मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आम्ही कोकणा आदिवासी. आश्रमशाळेत बारावी केली आणि बाकीच्या पोरींसारखी पिंपळगावच्या बागांत कामाला आले. मांडवाखाली दोन्ही हात वर धरून दिवसभर घडातले मणी विरळायचे. संध्याकाळी भाकरीचा तुकडा तोंडाकडे न्यायला हात उचलत नाही. असे चार हंगाम काढले. अक्षर बरं म्हणून मुकादमानं हजेरी लिहायला बसवलं, आणि तिथून छोटेभाऊच्या घरच्या या कंपनीत मजुरांच्या टोळ्या लावायचं काम मिळालं. कुठल्या पाड्यावरून किती माणसं, कुठल्या बागेत, कुठल्या कामाला, हे ठरवायचं. सोमवारी पिकअप डोंगरात जाते, टोळी घेऊन येते, माणसं आठवडाभर बागेतल्या शेडवर राहतात, शनिवारी घरी जातात.

छोटेभाऊनं या कामासाठी पुण्याहून एक सिस्टिम आणली. इंजिनिअर हुशार होता, खोटं कशाला बोलू. पण त्याला पाडा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ऑक्टोबर छाटणीचे ऐन दिवस. त्याच्या स्क्रीनवर सगळ्या टोळ्या येणार असं दिसत होतं, आणि पिकअप रिकाम्या परत आल्या. एक माणूस नाही. त्यानं सगळ्यांच्या नावापुढे लाल खूण केली: विनापरवानगी गैरहजर. अरे, त्या दिवशी वाघबारस होती. वाघबारशीला वाघदेवाची पूजा सोडून आमच्याकडचं कोणी बागेत येत नाही, मालकानं पायघड्या घातल्या तरी. मी आठ दिवस आधी सांगितलं असतं. विचारलं कोणी?

मला राग आला आणि रागातच सुरुवात केली. मोबाईलवर एआयशी बोलता येतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला कोडिंग येत नाही. आजही येत नाही. मी मराठीत सांगत गेले, ते बांधत गेलं. चुकलं की झापायचे. असं नाही रे बाबा, विरळणीला या बायका आधी लाव, यांची बोटं हलकी. या दोन पाड्यांचं पाण्यावरून भांडण आहे, एका शेडवर ठेवू नको. हे गाव बाजाराच्या दिवशी यायचं नाही, उगाच गाडी पाठवू नको. असं करत करत पुढच्या छाटणीपर्यंत ते चालायला लागलं. ऑफिसातल्या कोणीही विचारावं, उद्या अमुक बागेत कोणाला लावू, आणि त्यानं नावांसकट, कारणांसकट उत्तर द्यावं. इंजिनिअरनं ते मोबाईलवरून कंपनीच्या लॅपटॉपवर घेतलं. मला तेव्हा भारी वाटलं होतं.

कारणांसकट. तिथंच माझं चुकलं.

मी सगळं लिहिलं होतं. अमकीचं लेकरू अंगावर पितं, तिला शेडजवळची बाग द्या. तमकीला दम लागतो, फवारणी झालेल्या बागेत पाठवू नका. छाटणी झाली की फूट यावी म्हणून काड्यांना पेस्ट लावतात. तिनं हात भाजतात, तिचा वास डोक्यात जातो. पोटुशी बाई तिच्या आसपासही नको. कमळी माझ्या मामाची सून. तिच्यापुढे मी लिहिलं: सातवा महिना, पेस्टला नको, बसून करायचं काम द्या. हे मला कोणी फॉर्म भरून दिलं नव्हतं. बायकांनी चुलीपुढे बसून सांगितलं होतं, मी त्यांची म्हणून. मी मायेनं लिहिलं. वाटलं, उद्या मी नसले तरी मशीन यांच्याकडे बघेल. केवढी शहाणी मी.

तर त्या केबिनमध्ये मी उभी, हात अजून ओलसर. इंजिनिअर पाहुण्यांना सांगत होता की लोकल नॉलेज आम्ही सिस्टिममध्ये घेतलंय. आयत्या बिळावर नागोबा. एका पाहुण्यानं माझ्याकडे बघून विचारलं, या कोण?

छोटेभाऊ म्हणाला, "ही डेटा देते."

म्हैस दूध देते, मी डेटा देते. नाव सांगायची गरजच काय.

मग त्याच पाहुण्यानं विचारलं, यातले भरवशाचे मजूर कोण आणि बिनभरवशाचे कोण, हे कळेल का? इंजिनिअरनं मला बाजूला व्हायला सांगितलं आणि प्रश्न टाकला. मशीननं दोन याद्या दिल्या. खालच्या यादीत सात बायका होत्या. प्रत्येकीपुढे कारण, माझ्याच शब्दांत. लेकरू अंगावर. दम लागतो. सातवा महिना. पाहुण्यांनी माना डोलावल्या. छोटेभाऊ खूश झाला.

मी तिथंच होते. ती यादी मी वाचली. आणि खरं सांगते, मला काही वाटलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं, मला हात धुवायला लावले, एवढ्या लोकांत मला हात धुवायला लावले. स्वतःच्या अपमानापलीकडे मला काही दिसतच नव्हतं.

पुढच्या सोमवारी दुपारी कमळी माझ्या खोलीच्या दारात उभी. पाड्यावरून फाट्यापर्यंत चालत आली होती, तिथून एसटीनं नाशिक, नाशिकहून पिंपळगाव. ते पोट घेऊन. मी बस म्हटलं, ती बसली नाही.

"माझं नाव गाडीच्या यादीत नाय," ती म्हणाली. "मुकादम म्हनला, मशीननं काढलं. मशीनला कोनी सांगितलं माझ्या पोटातलं?"

मी परत म्हटलं, आधी बस.

"मी तर तुलाच सांगितलं होतं, ताई."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पाणी मागितलं, प्यायली आणि निघाली. फक्त ती नव्हती, सातही जणी गाळल्या होत्या. छाटणीच्या यादीतून नाव गेलं की विरळणीला बोलावणं नाही, मग माल काढायलाही नाही. सगळा हंगाम गेला. आमच्याकडे भात-नागली होते ती खाण्यापुरती. तेल-मीठ, औषध, पोरांचे कपडे, सगळं बागेच्या कामावर. धोंडा मी उचलला होता आणि पडला यांच्या पायावर. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, सात जणींना परत घ्या. छोटेभाऊ म्हणाला की हे त्यांच्याच भल्याचं आहे, घरी आराम करतील, उद्या बागेत काही झालं तर निस्तरायचं कोणी. मी म्हटलं, त्यांना दुसरं काम मिळावं म्हणून मी लिहिलं होतं, काढून टाकावं म्हणून नाही. तो म्हणाला, डेटा कंपनीचा आहे, कसा वापरायचा ते कंपनी बघेल.

मग त्यानं स्वतःच्या हातानं खुर्ची पुढे ओढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बस ना," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून तू को-ऑर्डिनेटर. टेबल, कार्ड, सगळं. सुरगाण्याकडून नव्या टोळ्या येतायत, त्यांच्याकडे जाऊन बस. तुझ्यापुढे बायका मोकळ्या होतात."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंजिनिअरला कॉलेजात जे शिकवलं नाही, ते माझ्याकडे होतं, आणि ते म्हणजे बायकांचा माझ्यावरचा विश्वास. यांना तोच हवा होता. त्यासाठी एक खुर्ची म्हणजे स्वस्तातच की. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं माझी आई म्हणते. तो दांडा मीच.

मी बसले नाही. म्हटलं, "सात जणी यादीत घ्या. त्यांच्या अंगाचं जे जे मी लिहिलंय ते पुसा. नाहीतर मी नाही."

तो हसला. "तू नाही तर काय अडणार आहे? सगळं आहे आमच्याकडे."

इंजिनिअर मान खाली घालून म्हणाला की हो, कॉपी घेतलेली आहे.

"ते मागच्या महिन्याचं आहे," मी म्हटलं. "आज कोण बाळंत झाली, कोणाच्या घरी मयत झाली, कोणता रस्ता वाहून गेला, ते विचारा त्याला."

आणि निघाले. फार शूर वगैरे नव्हते मी. नोकरी गेली होती आणि आईला काय तोंड दाखवू ते कळत नव्हतं. पण खोलीवर आल्यावर एक गोष्ट जाणवली. रडू आलं नव्हतं.

सातपैकी पाच जणींना मी ओळखीच्या बागांमध्ये बसून करायचं काम मिळवून दिलं. दोघींना नाही मिळालं. त्यातली एक कमळी. तिचा तो हंगाम गेला तो गेलाच. तिला मुलगी झाली. मी बघायला गेले तर तिनं चहा दिला, पोरगी मांडीवर दिली, पण माझ्याशी धड बोलली नाही. तिचं बरोबर आहे. मला माफी नको आहे आणि मी मागणारही नाही.

मी पाड्यापाड्यावर गेले. बायकांना गोळा केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, तुम्ही विश्वासानं सांगितलेलं मी मालकाच्या मशीनमध्ये लिहिलं, त्यानं तुमची कामं गेली. एक म्हातारी तंबाखू मळत बसली होती, तिनं वर न बघता म्हटलं, "आमचं लिवलंस ना बाय? आता त्यांचं लिव."

एवढंच बोलली. मी तेच केलं.

आता माझ्या मोबाईलवर जे आहे त्यात एकाही मजुराचं नाव नाही. बागा आहेत. कुठल्या बागेत पेस्टला हातमोजे देतात. कुठं फवारणीची पानं ओली असताना बायकांना आत घालतात. प्यायचं पाणी कुठून येतं. संडासाला दार आहे का. लेकुरवाळीला सावलीतलं काम मिळतं का. वेगवेगळ्या टोळ्यांतल्या चार जणींनी तेच सांगितलं तरच लिहिते, एकीच्या रागावर लिहीत नाही. चांगल्या बागांचंही लिहिते, आणि चांगल्या बागा आहेत. मुकादम गाडीत टोळी बसवण्याआधी फोनवर मराठीत विचारतो, ते मराठीत सांगतं. बांधायला मला तीन आठवडे लागले. यावेळी याची कॉपी कोणाकडे जाणार, हे आधी ठरवलं, मग पहिलं वाक्य लिहिलं.

या छाटणीला छोटेभाऊच्या दोन बागांना टोळ्या मिळेनात. परवा त्याचा फोन आला. मला चक्क अहो ताई म्हणाला. म्हणाला, "तुम्ही आमच्या बागेपुढे काय लिहिलंय ते कळलं मला. बदनामी आहे ही. काढून टाका."

मी विचारलं, त्यातलं खोटं काय आहे ते सांगा, आत्ता काढते.

तो म्हणाला, खरं-खोटं जाऊ द्या, आधी काढा.

मग म्हटलं, "त्या सात जणींना आधी परत बोलवा. पेस्टला हातमोजे द्या. बायका येऊन मला सांगतील, त्या दिवशी बदलेन. तुमच्या सांगण्यावरून एक अक्षर बदलणार नाही."