गिरणीवालीचं शर्यतींचं वर्ष

पारोळ्याच्या बाजारामागच्या गल्लीत कोकिळा पाटील पिठाची गिरणी चालवते. वय बेचाळीस. लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची गिअरची सायकल गिरणीच्या कोपऱ्यात धान्याच्या पोत्यांना टेकून उभी राहिली. त्याच सुमारास डॉक्टरांनी कोकिळाला साखर वाढल्याचं सांगितलं, रोज तासभर चाला म्हणाले. चालायचा तिला भारी कंटाळा. एका सकाळी तिने ओढणी कमरेला खोचली आणि सायकल बाहेर काढली. दोन किलोमीटर जाऊन परतायचं ठरवलं होतं, गेली अकरा. येऊन बघते तर गिरणीसमोर गिऱ्हाइकांची रांग, आणि नवरा प्रेमराज बाजरीच्या डब्यात गव्हाचं पीठ भरत होता.

त्यानेच पुढे धुळ्याच्या चाळीस किलोमीटरच्या शर्यतीत तिचं नाव नोंदवलं, तेही तिला न विचारता. कोकिळा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हेल्मेट घेऊन आली.

जानेवारीत शर्यत झाली. घरी आल्याबरोबर सासूने, भागाबाईंनी विचारलं, "तुना मांगे कितला व्हतात?"

"अँब्युलन्स व्हती," कोकिळा म्हणाली. "पन बायांमा तिसरा नंबर उना, आत्या."

"म्हंजे तीनच बाया व्हत्यात," भागाबाई म्हणाल्या, आणि तरीही ते पदक शेजारच्या चार घरी दाखवून आल्या.

मार्चमधल्या जामनेरच्या शर्यतीत शेवटी लांबच लांब चढ होता. निम्म्यावर पाय थिजले. सायकल हातात धरून ती चढ चालत गेली. तिथे मात्र तिला रडू आलं. दुसऱ्या दिवशी सायकलवाल्या भाईदास मिस्त्रीने सायकल उलटी केली, पुढच्या गिअरचा खटका दाबून पाहिला आणि हसायलाच लागला. "ताई, आत पीठ जाऊन तेलात त्याची खळ झालीय. तुम्ही आजवर सगळ्यात जड गिअरवरच चालवताय."

खळ निघाली आणि कोकिळाला जणू दुसरीच सायकल मिळाली. पावसाळ्यानंतर माहेरी, भडगावला शर्यत होती, तिथे तिच्या मागे चौदा जण होते. भागाबाईंनी तो आकडा दोनदा वदवून घेतला.

डिसेंबरात जळगावला ट्रायथलॉन होती. आधी तलावात साडेसातशे मीटर पोहायचं, मग वीस किलोमीटर सायकल, मग पाच किलोमीटर पळायचं. पळण्याची तिला धास्ती होती, पाण्याची नाही. लहानपणी भावांनी कमरेला वाळका भोपळा बांधून तिला गिरणा नदीच्या डोहात ढकललं होतं, तेव्हापासून पाणी तिच्या ओळखीचं. पोहणं तिचं जुन्या वळणाचं, डोकं वर ठेवून, पण दम टिकणारं.

तलावात पहिल्या वळणाला ती तिसरी होती. एवढ्यात बाजूला हात आपटल्याचा आवाज आला. सुरुवातीला शेजारी उभी असलेली जळगावची मयुरी, पंचविशीतली शिक्षिका, नाकातोंडात पाणी जाऊन धडपडत होती. बचावाची होडी लांब होती. कोकिळा वळली. अगदी जवळ न जाता म्हणाली, "माझ्याकडे बघ. उताणी हो. खाटेवर पडतेस तशी."

"मी बुडतेय, ताई."

"बोलतेयस म्हणजे बुडत नाहीस. पोट वर कर. हां, अशी."

मयुरी उताणी झाली. होडी येईपर्यंत कोकिळा शेजारी पाणी तुडवत राहिली. होडीवाल्याने हात पुढे केला, तेव्हा मयुरीने नकारार्थी मान हलवली. "ताई असतील तर मी पोहते." मग दोघी सावकाश काठाला लागल्या, साऱ्या बायकांच्या मागून.

सायकलवर कोकिळाने नऊ जणींना मागे टाकलं. मयुरी तिच्याही पुढे गेली, जाताना ओरडून म्हणाली, "ताई, पळताना सुरुवात हळू करा." तिने ऐकलं. चौथ्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला, तो चोळून ती पुन्हा निघाली. शेवटच्या वळणावर भागाबाई चपला हातात घेऊन कठड्याशी उभ्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "ती मनी सून शे."

अठरा बायकांत कोकिळा नववी आली, मयुरी चौथी. बक्षीस दोघींनाही नव्हतं. प्रेमराजला चुटपुट लागली. "थांबली नसतीस तर तिसरी आली असतीस."

"आले असते," कोकिळा म्हणाली आणि त्याच्या हातातलं केळं घेऊन सोलायला लागली. खरंच तिला काही वाटलं नव्हतं. भूक मात्र सपाटून लागली होती.

हल्ली रविवारी मयुरी बसने पारोळ्याला येते. नणंदेच्या मळ्यातल्या विहिरीत कोकिळा तिला तरंगायला शिकवते आणि मयुरी तिला बांधावरून पळवते. भागाबाई काठावर बसून दोघींच्या चुका काढतात.