आधी गुणाकार

आमच्या गणिताच्या बाईंना क्रम मोडलेला खपत नसे. इस्लामपूरच्या स्टँडवर एसटी लागली की त्या अनोळखी माणसांनाही दटावायच्या, "आधी उतरणारे, मग चढणारे!" वर्गात तर खडू हातात घेण्याआधी सगळ्यांनी 'कंचेभागुबेव' म्हणायचंच. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. गावात त्यांचं नावच कंचेबाई पडलं होतं.

मग साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी शाळेला कम्प्युटर दिला. चपला बाहेर काढून आम्ही सातवीची पोरं त्याच्याभोवती दाटीवाटीने उभी राहिलो. हेडसरांनी कौतुकाने बाईंनाच खुर्चीत बसवलं. पडद्यावर कॅल्क्युलेटर होता. बाईंनी माउसने एकेक बटण दाबत आदल्याच दिवशी शिकवलेलं उदाहरण घातलं, दोन अधिक तीन गुणिले चार. यायला हवे होते चौदा, आले वीस. पुन्हा केलं, वीस. मग बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक बटण जोर लावून दाबलं. वीसच! पोरं फिदीफिदी हसायला लागली.

बाई मूळच्या आटपाडीच्या. चिडल्या की बोलणं तिकडचं व्हायचं. "आवं सर, ह्याला माझ्या वर्गात बसवा. आधी गुणाकार करायचा, एवढं बी ठावं न्हाई ह्याला!"

"बाई, कम्प्युटर चुकत नसतो," हेडसर म्हणाले. त्यांचा विषय भूगोल.

सहामाहीत तेच उदाहरण आलं आणि निम्म्या वर्गाने वीस लिहिलं. बाईंनी सरसकट फुल्या मारल्या. पालक भांडायला आले. चेअरमनसाहेबांचं मशीन खोटं कसं पाडायचं, म्हणून हेडसर 'मार्क देऊन टाका' म्हणत मागे लागले. बाई बधल्या नाहीत. शेवटी त्यांचं गणित काढून घेतलं आणि शिवणाचे तास दिले. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. बाई मुलींना सांगायच्या, "आधी माप, मग कात्री." शेजारच्या वर्गात गणिताचा तास सुरू झाला की मात्र उठून खिडकी लावून घ्यायच्या.

पुढे सांगलीत नोकरीला लागले, तर माझ्या टेबलावरच्या कम्प्युटरमध्ये तोच कॅल्क्युलेटर. वरच्या मेनूत 'सायंटिफिक' असं काहीतरी होतं. ते निवडलं आणि रागारागाने बाईंचं उदाहरण घातलं. चौदा! रविवारी तडक आटपाडी गाठली. निवृत्त होऊन बाई तिथे भावाकडे राहत होत्या.

"म्हंजे त्याला येत हुतं?"

"हो बाई. बटणं दाबली त्याच क्रमाने तो करत गेला, फक्त मेनूत जाऊन बदलायचं होतं."

मला वाटलं होतं, खूश होतील. त्या भडकल्याच. "मग तवा का गप बसलं गं ते?"

बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. मग एकदम म्हणाल्या, "आन् ती वीस लिवणारी पोरं? त्यास्नी आता कोण सांगणार?"